चाळीस हजारांची सायकल

अब्बांनी विचारलं, "कित्ते कू लिया?"

मी म्हणालो, "चाळीस हजार."

सायकल हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती. अब्बा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वाईहून नुकतेच आले होते. पाणी पिऊन झालं होतं, सोफ्यावर अजून नीट टेकलेही नव्हते. आल्या आल्या त्यांचं लक्ष सायकलकडे जाणार हे मला ठाऊक होतं, तरी उत्तर तयार ठेवलं नव्हतं. तोंडातून जे निघालं ते चाळीस हजार. खरी किंमत एक लाख नव्वद हजार होती. बायको चहा घेऊन बाहेर येत होती. तिने ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता कप ठेवले.

अब्बांना चाळीस हजारही जास्तच वाटले. त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली. "चाळीस हजार," ते म्हणाले, "और मडगार्ड बी नै दिया?"

मुलगी हसली. मीही हसलो. विषय तिथे संपला असं मी समजलो.

अब्बांचं वाईत सायकलचं दुकान होतं. पत्र्याचं शेड, पुढे पाण्याचं घमेलं, छताला टांगलेल्या ट्यूब आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पान्हे. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आऊट काढणं ही कामं होतीच, पण दुकानाची खरी कमाई तासावर दिल्या जाणाऱ्या सायकलींची. अशा बावीस सायकली होत्या. मी शाळेत होतो तेव्हा तासाला पन्नास पैसे, नंतर एक रुपया. एका वहीत नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. ती वही शाळा सुटल्यावर माझ्या ताब्यात असायची. दहा मिनिटं उशीर झाला तर पैसे घ्यायचे नाहीत, पंधरा झाला तर अर्ध्या तासाचे घ्यायचे, हा अब्बांचा नियम. गिऱ्हाईक सायकल परत देऊन गेलं की अब्बा ती एकदा हाताने उचलून जमिनीवर आपटायचे. आवाजावरून त्यांना कळायचं की काय ढिलं झालंय. मला कधीच कळलं नाही. मला सगळे आवाज सारखेच वाटायचे.

१९९४ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, ड्रॉइंगचं सामान, सगळं एकदम समोर आलं. अब्बांनी आठवड्याभरात बावीस सायकली विकल्या. सरासरी साडेतीनशे रुपयांना एक. सात हजार सातशे रुपये झाले. त्यानंतर दुकान नुसत्या दुरुस्तीवर चाललं, म्हणजे फारसं चाललं नाही. ते याबद्दल कधी एक शब्द बोललेले नाहीत. मीही नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलत नाहीत.

तर चाळीस हजार का म्हणालो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता या सायकलीकडे येतो.

चाळिशी ओलांडल्यावर साखरेचा रिपोर्ट काठावर आला आणि मी पुन्हा सायकल चालवायला लागलो. आम्ही कोंढव्यात राहतो. फजरनंतर निघालं की ऊन चढायच्या आत बोपदेव घाट चढून परत येता येतं. सुरुवातीला डांबरी रस्ताच. मग घाटमाथ्यावरच्या टेकड्यांवर गुराख्यांच्या पायवाटा दिसायला लागल्या आणि मी एक साधी माउंटन बाईक घेतली. पुढे १०० मिलिमीटरचा फोर्क, मागे काही नाही. अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात. सहा वर्षं ती इमानाने चालली.

पण आपल्या सह्याद्रीतल्या वाटा तुम्हाला माहीत आहेत. वर लाल मुरूम, त्यावर सुटे दगड, मध्येच काळ्या कातळाची पायरी. चढताना त्रास दमाचा, उतरताना हाडांचा. मागचं चाक प्रत्येक दगडावर उडतं आणि तो दणका थेट कमरेत जातो. दीड वर्षापूर्वी अशाच एका पायरीवर मागचं चाक उडालं, मी हँडलवरून पुढे गेलो आणि उजव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात झोळीत. बायको म्हणाली, आता बास. मुलगी म्हणाली, बास कशाला, नीट सायकल घ्या.

मी मुलीचं ऐकलं.

माउंटन बाईक हा प्रकार मुळात कसा सुरू झाला, हे मला या काळात पडल्या पडल्या वाचून कळलं. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथल्या माउंट टॅमल्पायसच्या परिसरात सत्तरच्या दशकात काही तरुण जुन्यापुराण्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारांवरून सुटायचे. १९३०-४०च्या काळातल्या श्विन कंपनीच्या त्या जड सायकली, पेपर टाकणारी पोरं वापरायची तसल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर उतार. त्या सायकलींना पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक होता आणि तो मागच्या हबच्या आत. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक'. त्यातल्याच जो ब्रीझने पुढे खास या कामासाठी फ्रेम बांधल्या. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये दुकान काढलं, टॉम रिची त्यांना फ्रेम बनवून द्यायचा. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर बाजारात आली आणि हा खेळ कारखान्यात गेला. १९९६ मध्ये तो ऑलिम्पिकमध्ये पोहोचला.

मला या सगळ्यात आवडलं ते ग्रीस. एवढ्या मोठ्या धंद्याचं मूळ म्हणजे चार पोरं हब उघडून ग्रीस भरत बसली आहेत. ते काम मी लहानपणी रोज पाहिलेलं होतं.

'ऑल-माउंटन' म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. माउंटन बाईकची चाकं किती वरखाली होऊ शकतात, त्याला ट्रॅव्हल म्हणतात. १०० ते १२० मिलिमीटर असेल तर ती शर्यतीची हलकी क्रॉस-कंट्री सायकल. १२० ते १४०-१५० म्हणजे ट्रेल. २०० च्या आसपास म्हणजे डाउनहिल, ती वर गाडीत घालून न्यायची आणि फक्त खाली सोडायची. ऑल-माउंटन यांच्या मधली, साधारण १४० ते १६० मिलिमीटरची. स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि त्याच सायकलवर उतरायचा. चढावर ती ओझं वाटता कामा नये आणि उतारावर घाबरता कामा नये. कंपन्या हल्ली हा शब्द कमी वापरतात, ट्रेल किंवा एंड्युरो म्हणतात. पण माझ्यासारख्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. वर नेऊन सोडणारी जीप आपल्याकडे कुठे आहे?

निवडताना मी आधी सगळ्या चुका केल्या. पहिली चूक वजनाची. कार्बनची फ्रेम किलोभर हलकी, म्हणून आठवडाभर तिच्यामागे होतो. मग आरशात पोट पाहिलं. किलोभर कुठून कमी करायचं ते स्पष्ट होतं आणि त्याला पैसे लागत नव्हते. ॲल्युमिनियम ठरलं.

दुसरी चूक ट्रॅव्हलची. जास्त म्हणजे चांगलं असं वाटून १६० च्या सायकली पाहत होतो. एका मित्राची तशी सायकल बोपदेवला नेली. उतारावर स्वर्ग. पण आपण उतरतो वीस मिनिटं आणि चढतो दीड तास. दीड तास मी ती सायकल ढकलल्यासारखी चालवली. म्हणून शेवटी पुढे १५०, मागे १४०.

तिसरी चूक दुकानाच्या पार्किंगमध्ये चक्कर मारून मत बनवण्याची. तिथे सगळ्याच सायकली गुबगुबीत गादीसारख्या वाटतात. सस्पेन्शन पार्किंगमध्ये कळत नाही. तिथे फक्त माप कळतं, आणि तेच पाहावं. माझी उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे मीडियम आणि लार्जच्या सीमेवर. मी मीडियम घेतली, कारण आपल्या वाटा अरुंद आणि वळणाच्या. पुढच्या फोर्कचा कोन ६५-६६ अंशांच्या आसपास असेल तर उतारावर चाक पुढे राहतं, माणूस हँडलवरून जाण्याची भीती कमी. सीटच्या नळीचा कोन ७६ च्या आसपास असेल तर चढावर वजन मागे पडत नाही. बटण दाबल्यावर खाली जाणारी सीट हवीच. उतारावर सीट मध्ये नसली की शरीराला हलायला जागा मिळते. ही सीट जुन्या सायकलीला असती तर माझं हाड वाचलं असतं, असं मला अजून वाटतं.

चौथी गोष्ट चूक नव्हती, ती अब्बांच्या दुकानातून आली होती. प्रत्येक दुकानात मी एकच विचारलं: या फोर्कचे सील आणि या सांध्यांचे बेअरिंग पुण्यात मिळतात का? दोन ठिकाणी विक्रेत्याने विषय बदलला. तिसऱ्या ठिकाणी मागच्या सांध्यातल्या बेअरिंगचे नंबर लिहून दिले. तिथूनच घेतली. मागच्या वर्षीचं मॉडेल असल्याने थोडी सवलत मिळाली. तरीही एक लाख नव्वद हजार. पैसे भरताना मला 'फिजूलखर्ची' हा शब्द अम्मीच्या आवाजात ऐकू आला. अम्मी जाऊन नऊ वर्षं झाली.

सायकल घरी आली आणि खरं काम सुरू झालं. कारण अशी सायकल तयार मिळत नाही. तिच्या पोटात हवा असते, आणि ती हवा तुमच्या वजनाला मापून भरायची असते. दुसऱ्याच्या चष्म्यातून नीट दिसत नाही, तसंच हे.

त्यासाठी वेगळा पंप लागतो. नेहमीचा उभा पंप चालत नाही. शॉकच्या आत जागा इतकी कमी की एका दट्ट्यात दाब कुठच्या कुठे जातो. छोटा, ३०० पीएसआयपर्यंत काटा असलेला पंप घ्यायचा. तो काढताना फुस्स आवाज येतो आणि नवा माणूस घाबरतो. ती हवा बहुतेक नळीतली असते, शॉकमधली नाही. पण पुन्हा पंप लावला की काटा कमी दाखवतो, कारण नळी भरायला थोडी हवा आतून निघते. म्हणजे दाब नुसता 'बघून येऊ' असं करता येत नाही. बघितला की बदलला. मी पहिल्या दिवशी सहा वेळा बघितला.

पहिलं माप सॅगचं. तुम्ही हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी, सगळं लेवून सायकलवर बसलात की सस्पेन्शन तुमच्या वजनाने थोडं खाली बसतं. ते बसणं म्हणजे सॅग. चाक खड्ड्यात खाली जाऊ शकावं म्हणून ते लागतं. मागे साधारण २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २० टक्के. माझ्या मागच्या शॉकचा दांडा ५५ मिलिमीटर सरकतो, त्याचे ३० टक्के म्हणजे साडेसोळा. पुढच्या १५० चे २० टक्के म्हणजे तीस. दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती खाली सरकवायची, भिंतीचा आधार घेऊन हळू बसायचं, न हलता उतरायचं आणि पट्टीने मोजायचं. हवा भरताना मध्ये मध्ये शॉक हळूहळू दाबून सोडायचा, कारण आत दोन कप्पे असतात आणि दोन्हीकडे दाब सारखा व्हावा लागतो. हे न करता मोजलं तर माप खोटं येतं. सामानासकट माझं वजन ८२ किलो. मागे १८० पीएसआय, पुढे ८४, असं जमलं. भिंतीशी मला धरायला मुलगी आणि पट्टी घेऊन बायको. बायको म्हणाली, शिंपी तरी एकदाच माप घेतो.

दुसरं रीबाउंड. दबलेला फोर्क किती वेगाने परत वर यावा, त्याचा लाल खटका. फार वेगाने आला तर सायकल घोड्यासारखी उधळते. फार हळू आला तर एका दगडातून वर यायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा, आणि फोर्क खालीच दबत दबत जातो. शेवटी १५० मिलिमीटरची सायकल ५० ची होऊन बसते. तिसरं कम्प्रेशन, म्हणजे दबताना किती विरोध करावा. आणि फोर्क सारखा तळाला लागत असेल तर आतल्या हवेची जागा कमी करायला प्लास्टिकचे ठोकळे घालतात. शेवटच्या टप्प्यात त्याने फोर्क कडक होतो. हे सगळं करताना एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याच वाटेवर पुन्हा जायचं आणि लिहून ठेवायचं. मी शंभरपानी वही केली. तारीख, दाब, खटके, काय वाटलं.

टायरचं या सगळ्यात कोणी नाव घेत नाही, पण पहिलं सस्पेन्शन तेच. पुढे २२, मागे २५ पीएसआय. दोन पीएसआयचा फरक हातांना कळतो.

दुसऱ्या आठवड्यात एक आवाज सुरू झाला. उतारावर पुढून 'टक'. दगडावरून चाक उतरलं की टक. ब्रेक दाबला की टक. मी वाचलं होतं की रीबाउंड फार वेगात असेल तर फोर्क वर येऊन आदळतो आणि असा आवाज येतो. म्हणून रीबाउंड दोन खटके हळू केला. आवाज थोडा कमी वाटला. आणखी दोन. मग हवा कमी केली. मग एक ठोकळा घातला. मग काढला. वहीची चौदा पानं भरली. आवाज जात नव्हता आणि सायकल दिवसेंदिवस वाईट चालत होती. हात सुजल्यासारखे व्हायचे. एका सकाळी, जिथे हाड मोडलं होतं त्याच पायरीच्या थोडं वर, पुढचं चाक दबून राहिलं ते वरच आलं नाही. मी कसाबसा पाय टेकला. तिथेच दगडावर बसलो. एक लाख नव्वद हजार, आणि मी पुन्हा त्याच जागी.

याच आठवड्यात अब्बा आले.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य वाकून गेलं, त्याला वाकायचं नाही म्हटल्यावर करायचं काय? अब्बा खुर्चीत बसून असायचे. टीव्ही बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही. दिवसभर सायकलच समोर.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन फोर्क दाबत होतो. दाबायचा, सोडायचा, ऐकायचं. अब्बा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपलेत.

"चिमटा नै बजता," ते म्हणाले.

"अब्बा, हा चिमटा वेगळा असतो. यात हवा आणि तेल..."

"हवा-तेल रेने दे. सामने का ब्रेक दबा. अब आगे-पीछे हिला."

मी हलवली. टक. टक.

त्यांनी खुर्ची पुढे ओढायला सांगितली. वाकायचं नव्हतं म्हणून मी सायकल त्यांच्याजवळ नेली आणि पुढचं चाक स्टुलावर ठेवून धरलं. त्यांनी हात पुढे केला. फ्रेमची पुढची नळी जिथे संपते आणि फोर्क सुरू होतो, त्या सांध्यावर आडवं बोट ठेवलं. अर्धं बोट नळीवर, अर्धं फोर्कवर. "हिला." मी हलवली. त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं. "अब हिला."

बोटाला कळलं. केसाएवढी हालचाल. फोर्कच्या आत काहीच नव्हतं. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं, तेच ढिलं होतं.

"वाटी ढिली हय," अब्बा म्हणाले. "नई गाडी में होता. छर्रे बैठते पैले म्हैने में. एक बार कसना पडता."

त्यांच्या काळातल्या सायकलीला वरून दोन मोठ्या नटांनी हे कसायचे. आता पद्धत वेगळी आहे. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट ढिले करायचे, वरच्या टोपीचा बोल्ट अगदी थोडा फिरवायचा, ढिलेपणा गेला आणि हँडल मोकळं फिरतंय हे पाहायचं, मग बाजूचे बोल्ट परत कसायचे. टोपी आधी फिरवली तर काही होत नाही, आधी बाजूचे सोडावे लागतात. मला हे माहीत होतं. मी वाचलेलं होतं. पण आवाज फोर्कमधून येतो हे मी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि मग चौदा पानं त्याचेच पुरावे लिहीत बसलो होतो.

पाव वळसा लागला. अब्बांनी पुन्हा बोट ठेवलं. "बस. जास्ती कसेगा तो छर्रे खायेगा."

आवाज गेला.

मी ॲलन की डब्यात ठेवत होतो. अब्बा सायकलकडे पाहत होते, म्हणजे काळ्या चष्म्याची दिशा तिकडे होती. मग त्यांनी मागच्या सांध्यावर हात फिरवला. एक, दोन, तीन, चार, त्यांनी बेअरिंग मोजले. हब फिरवून कानाजवळ धरल्यासारखा ऐकला.

"चाळीस हजार में इत्ते बेरिंग कोन देता रे?" ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. बायको दारात उभी होती, ती आत गेली.

"कित्ता?"

"एक लाख नव्वद."

ते बराच वेळ गप्प होते. मी तोपर्यंत डोक्यात सगळं बोलून घेतलं होतं. की हाड मोडलं होतं. की घराचे हप्ते संपले आहेत. की मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवलेत. की बावीस सायकली. ते सगळं गळ्यापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"झूट काय कू बोल्या?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. ढिल्या सांध्यावर बोट ठेवतात तसं.

मी म्हणालो, "बावीस सायकली आठवल्या."

अब्बांनी मान हलवली. "वो बावीस बेची तब तेरे कू पूछ्या था क्या मैंने? मेरी मर्जी थी. ये तेरी मर्जी. बीच में हिसाब मत ला."

आणि मग, हिसाब मध्ये आणू नको म्हणणारा हा माणूस लगेच हिशेबच करायला बसला. किती वर्षं वापरणार? मी म्हणालो, पाच तरी. आठवड्याला किती तास? साधारण सहा. त्यांनी बोटांवर केलं, सुटीचे आणि पावसाचे आठवडे वजा केले, वर्षाला तीनशे तास धरले. पाच वर्षांचे दीड हजार. एक लाख नव्वद हजार भागिले दीड हजार.

"एकशे सत्ताईस रुपये घंटा," ते म्हणाले. "हम एक रुपया लेते थे." थोडं थांबून म्हणाले, "बैठा के रख्या तो और मैंगी पडेगी."

दुसऱ्या दिवशी मी वहीत नवीन पान काढलं. चौदा पानांवरचा एकही आकडा उपयोगाचा नव्हता, कारण ते सगळे एका ढिल्या सांध्याला झाकण्यासाठी होते. पुन्हा सॅगपासून सुरुवात. मागे १८०, पुढे ८४. ठोकळे कंपनीने दिले होते तेवढेच. रीबाउंड मधोमध, आणि मग दर फेरीला एक खटका इकडेतिकडे. तीन सकाळी लागल्या. तिसऱ्या सकाळी त्या पायरीवरून उतरलो. चाक खाली गेलं, दबलं, वर आलं. पुढच्या दगडाला ते तयार होतं. काही झालं नाही, एवढंच झालं. सस्पेन्शन नीट लागलं की सांगण्यासारखं काही उरत नाही.

तुमच्यापैकी कोणी अशी सायकल घेणार असेल तर माझ्याकडून इतकंच घ्या. शॉक पंपाला हात लावण्याआधी पुढचा ब्रेक दाबा, सायकल पुढेमागे हलवा आणि सांध्यावर बोट ठेवा. मग मागचं चाक धरून आडवं हलवून बघा, तिथले सांधे ढिले नाहीत ना. सगळे बोल्ट, चाकांचे धुरे बघा. ढिल्या सायकलीचं ट्यूनिंग होत नाही. आपण फक्त ढिलेपणाला जागा करून देत जातो. मी किमतीच्या बाबतीत तेच केलं होतं. एक आकडा खोटा सांगितला, आणि मग अब्बा सायकलजवळ गेले की माझ्या पोटात टक व्हायचं.

महिनाभराने अब्बा वाईला परत गेले. आता डोळ्याने चांगलं दिसतं. शेजारच्या पोराच्या सायकलचा आऊट काढून दिला म्हणून परवा फोनवर फुशारकी मारत होते.

फोर्कच्या खालच्या भागाचं तेल आणि सील दर ५० तासांनी बघावे लागतात, म्हणून मी वहीत तास लिहितो. नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. जुम्याच्या नमाजनंतर अब्बांचा फोन येतो. तब्येत, मुलीचा अभ्यास, पाऊस, आणि शेवटी तोच प्रश्न. या आठवड्यात किती तास झाले?

मागच्या आठवड्यात दोनच झाले होते. ऑफिसचं काम होतं. मी चार म्हणणार होतो.

दोन म्हणालो.

"मैंगी पड रई रे," अब्बा म्हणाले आणि फोन ठेवला.